आईचा सोमवार आणि गवताची छपरं

दिवस पहिला : नागोया ते ताकायामा

आमची सहल उलटी सुरू झाली, अगदी शब्दशः. जपानातल्या नागोया स्टेशनातून हिदा एक्सप्रेस सुटली तेव्हा डब्यातल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं मागच्या बाजूला होती. आईने लगेच पर्समधून आलेपाकाची वडी काढली. "उलटं बसून गेलं की मला मळमळतं, तुला माहीत आहे." मी खुर्ची फिरवायला उठले, तर पलीकडच्या रांगेतल्या आजोबांनी हातानेच 'थांबा, थांबा' केलं. वीसेक मिनिटांत गिफू आलं, तिथे गाडीने दिशा बदलली आणि आम्ही आपोआप सुलटे झालो. ही गाडी रोज अशीच जाते म्हणे. पहिल्या टप्प्यापुरतं उलटं बसायचं, पण पुढच्या दोन तासांसाठी खुर्च्या आधीच बरोबर लावून ठेवायच्या. आईने वडी परत कागदात गुंडाळली. "हुशार आहेत," एवढंच म्हणाली.

धाकटा भाऊ नागोयात नोकरीला आहे. आम्हाला शिराकावा-गो या गवती छपरांच्या घरांच्या गावाला घेऊन जायचं त्याने चार महिने आधीपासून ठरवलं होतं आणि ऐन वेळी त्याला सुट्टी मिळाली नाही. मग त्याने ताकायामाहून निघणाऱ्या गाईडसकटच्या बससहलीचं बुकिंग करून आमच्या हातात कागद ठेवला. आईला ते फारसं पटलं नव्हतं. "गाईडच्या मागून फिरायचं म्हणजे मेंढरांसारखं." पण ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, डोंगर रंगलेले, आणि आम्हा दोघींना जपानी भाषेतला 'आरिगातो' सोडून एक शब्द येत नाही. मेंढरं होण्याला पर्याय नव्हता.

गिफू सोडलं की थोड्या वेळाने हिदा नदी सोबत येते. कधी डाव्या हाताला, कधी उजव्या. पाणी हिरवं, संथ, मध्येच एखादं छोटं धरण. गेरो हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आलं तसा निम्मा डबा उतरला. त्यानंतर चढण लागते आणि ताकायामाच्या थोडं अलीकडे एक लांब बोगदा येतो. तो पाणलोटाच्या डोंगराखालून जातो. अलीकडचं सगळं पाणी दक्षिणेला पॅसिफिककडे, पलीकडचं उत्तरेला जपानच्या समुद्राकडे. ताकायामातून वाहणारी मियागावा नदी त्यामुळे उलट्या दिशेने वाहते असं आम्हाला सारखं वाटत राहिलं. म्हणजे दिवसभरात तीही उलटीच.

ताकायामात पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि बोटं गारठली होती. जुन्या पेठेतून एक चक्कर मारली. काळपट लाकडी जाळ्यांची घरं, साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्यांच्या दारावर देवदाराच्या पानांचा गोळा टांगलेला. आईने दाराला बांधलेल्या तोरणाकडे बघावं तसं त्या गोळ्याकडे बघितलं. कोपऱ्यावर एक बाई निखाऱ्यांवर तांदळाच्या पिठाच्या गोळ्या भाजत होती, काडीला पाच. जपानात बाकी ठिकाणी हे मिताराशी दांगो गोड पाकातले असतात, इथे ते सोयासॉस लावून खारट भाजतात. आईने दोन काड्या संपवल्या. "उद्या सोमवार आहे," म्हणाली, जणू काही त्या दोन काड्यांचा आणि सोमवाराचा काही संबंध होता.

संबंध होताच, पण तो कळायला दुसऱ्या दिवशीचं जेवण यावं लागलं.

दिवस दुसरा : गोकायामा आणि शिराकावा-गो

सकाळी पाऊस. बारीक, एकसारखा, आपल्याकडच्या श्रावणासारखा, फक्त थंड. बसमध्ये आम्ही बावीस जण होतो, त्यात साडीवर स्पोर्ट्‌स शूज घातलेली आई एकटीच. गाईडबाई साठीच्या आसपासच्या, बुटक्या, हातात पिवळी छोटी झेंडी. इंग्रजी स्वच्छ, पण प्रत्येक वाक्यानंतर किंचित थांबायच्या, समोरच्याला समजलं की नाही ते चेहऱ्यावरून वाचत. त्यांनी बोटाने हवेत टिचक्या मारत आम्हाला दोनदा मोजलं आणि मग बस हलली.

ताकायामा सोडलं की रस्ता डोंगरात शिरतो, म्हणजे खरोखरच आत शिरतो. हिदा बोगदा जवळजवळ अकरा किलोमीटर लांब आहे. २००८ साली तो उघडला. आता ताकायामाहून शिराकावा-गो पन्नास मिनिटांवर आलं आहे. बाईंनी बरोबर बोगद्याची वेळ साधली. बाहेर बघण्यासारखं काही नाही, तेव्हा लोक ऐकतात, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव असणार. इथे दोन-दोन, तीन-तीन मीटर बर्फ पडतं. पूर्वी हिवाळा लागला की ही गावं महिनोन्‌महिने जगापासून तुटायची. म्हणून घरं अशी बांधली, असं म्हणून त्यांनी माइक काखेत धरला आणि दोन्ही तळवे जोडून बोटं वर केली. "हा आकार. याला आम्ही गाश्शो म्हणतो."

पहिल्याच रांगेत बसलेल्या आईने ताबडतोब हात जोडून त्यांना नमस्कार केला.

बाई गोंधळल्या, मग हसल्या, मग वाकल्या. मग सगळी बस हसली. गाश्शो म्हणजे प्रार्थनेला जोडलेले हात. छपराच्या दोन उतरत्या बाजू तशा दिसतात म्हणून त्या बांधणीचं नाव गाश्शो-झुकुरी. उतार साठ अंशांच्या आसपास, म्हणजे बर्फ साचून राहिलं तरी त्याचा भार खाली घसरावा इतका. मी हे सगळं आईला मराठीत सांगत होते. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण कुणी हात जोडले तर आपण जोडायचे नाहीत का?"

आधी आम्ही शिराकावा-गो ओलांडून पुढे तोयामा प्रांतातल्या गोकायामाकडे गेलो. गर्दी व्हायच्या आत आइनोकुरा बघायचं, ही बाईंची युक्ती. शिराकावा-गोमधलं ओगिमाची आणि गोकायामातली आइनोकुरा व सुगानुमा ही तीन गावं मिळून १९९५ साली जागतिक वारसा यादीत गेली, पण बहुतेक बस फक्त ओगिमाचीला थांबतात. आइनोकुरात गवती छपराची वीसेक घरं आहेत आणि आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर आम्ही बावीस जण सोडून एक मांजर होतं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती आवाज नसण्याची. पाऊस चांगला पडत होता. छत्रीवर वाजत होता, बाजूच्या शेडच्या पत्र्यावर वाजत होता. पण घरांवर अजिबात वाजत नव्हता. एवढं मोठं छप्पर, त्यावर एवढा पाऊस, आणि टप्प नाही की टिप्प नाही. गवत तो नुसता आत घेतं आणि कडेला आणून सोडतं. आई एका घराच्या वळचणीखाली उभी राहिली आणि तिने मान वर केली. मीही केली. खालून दिसतात ती गवताच्या जुड्यांची छाटलेली टोकं, हजारो, एकाला एक चिकटून, सरळ रेषेत कापलेली. शेकडो नव्या केरसुण्या दाबून बसवून त्यांचे बुडखे एकदम छाटावेत तसं. जाडी माझ्या हातापेक्षा जास्त. वरचा थर काळपट, त्यावर शेवाळ, आणि खालचा आतला भाग मात्र कोरडा, पिवळा, परवाच कापून आणल्यासारखा. पागोळ्या एका ओळीत पडत होत्या आणि जमिनीवर त्यांच्या जागी दगडांची ओळ रचलेली होती, पाणी माती उकरू नये म्हणून.

"आमच्याकडे अशी चर पडायची," आई म्हणाली. "वळचणीच्या रेषेत. पावसाळा संपेपर्यंत बोटभर खोल."

आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यात. तिच्या लहानपणी घर कौलारू झालं होतं, पण गोठा आणि मांगर गवताने शाकारलेले. हे मला नुसतं ऐकून माहीत होतं. तिला ते हाताला माहीत होतं. तिने खाली पडलेली एक काडी उचलली, दातांत धरून चावली आणि म्हणाली, "पोकळ आहे." गाईडबाईंना विचारलं तर त्यांनी सांगितलं की गोकायामात वापरतात ते गवत बारीक आणि पोकळ काडीचं असतं, ते जास्त टिकतं. पावसाचं पाणी काडीत राहत नाही. त्यांनी आईकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. त्यानंतर दिवसभर त्या छपराबद्दल काही सांगायचं असेल तेव्हा आईकडे बघून सांगत होत्या.

गावाच्या वर उतारावर गवताची राखीव जागा आहे. शरद ऋतूत ते कापायचं, वाळवायचं, साठवायचं. त्याच्याही वर जुनं दाट जंगल आहे. तिथलं झाड तोडायला पिढ्यान्‌पिढ्या बंदी, कारण ते जंगल बर्फाचे कडे गावावर कोसळू देत नाही. आपल्या देवराईला देवाचा धाक असतो, इथे थेट डोंगरावरच्या बर्फाचा.

गोकायामाचा इतिहास मात्र इतका सोज्वळ नाही. कागा संस्थान इथे आपले गुन्हेगार पाठवायचं. शोगावा नदीवर मुद्दाम पूल बांधू दिले नव्हते. पलीकडे जायचं तर दोरावरून ओढायच्या टोपलीत बसून. आणि याच अडचणीच्या जागी घराघरांच्या फरशीखाली बंदुकीच्या दारूचा सोरा तयार व्हायचा. चुलीच्या बाजूला खड्डा खणायचा, त्यात माती, रेशमाच्या अळ्यांची विष्ठा, रानातली दवणासारखी एक वनस्पती असे थर द्यायचे, आणि चार-पाच वर्षं कुजू द्यायचं. वर चूल पेटलेली असल्यामुळे खाली ऊब राहायची. माळ्यावर रेशमाचे किडे, मधल्या मजल्यावर माणसं, खाली स्फोटकं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात, परदेशातून स्वस्त सोरा यायला लागला आणि हा धंदा बसला. बसमधल्या एका ऑस्ट्रेलियन काकांना हा भाग फारच आवडला, त्यांनी खड्ड्याच्या मापाबद्दल तीन प्रश्न विचारले.

कागद करायच्या केंद्रात पंधरा मिनिटं गेली. हाताने केलेल्या कागदाला वाशी म्हणतात. आईने 'वाशीला आमची आत्या राहते' हे बाईंना सांगायला लावलं आणि मी ते भाषांतर करताना फसले.

मग जेवण. प्रत्येकापुढे एक चौकोनी ताट, त्यात भात, लोणचं, रानभाज्या, वाटीत सूप आणि मधोमध काडीला टोचून मिठात भाजलेला नदीतला अख्खा मासा, पोहताना वळावा तसा वळलेला. आई मासे खाते. रत्नागिरीची आहे, न खाऊन सांगते कुणाला. पण सोमवार. तिने माशाकडे बघितलं. माशाने तिच्याकडे बघितलं. "शनिवारची सहल घेता आली नसती का?" ती मला हळूच म्हणाली. मी तिचा मासा खाल्ला, दोन मासे खाल्ले, आणि तो फार चांगला होता हे सांगायची चूक केली.

तिने खाल्ला तो भात, नेच्याच्या कोवळ्या कोंबांची भाजी आणि टोफू. गोकायामाचा टोफू इतका घट्ट की पूर्वी तो पेंढ्याच्या दोरीने बांधून हातात लटकवत नेत असत. चवीला आपल्या पनीरच्या जवळचा. सूप तिने वाटी तोंडाला लावून संपवलं. त्या सुपाचं पाणी जवळजवळ नक्की माशाच्या सुक्या किसाचं होतं. मी काही बोलले नाही. हे वाचून तिला कळेल तेव्हा कळेल.

दुपारी ओगिमाची. शिराकावा-गो म्हणून फोटोत दिसतं ते हे गाव. शोगावावरचा लांब झुलता पूल ओलांडून गावात शिरायचं. आणि शिरताच मला आंगणेवाडीची जत्रा आठवली. पुलावर दोन रांगा, एक जाणारी, एक येणारी. छत्र्या एकमेकींत अडकत होत्या. आइस्क्रीम, भाजलेल्या गोमांसाच्या काड्या, लाल कापडी बाहुल्या, फोटोला उभ्या राहिलेल्या नवऱ्या. अख्ख्या शिराकावा गावपालिकेची लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास, आणि वर्षाला येणारे पाहुणे दहा लाखांहून किती तरी जास्त. आइनोकुराच्या शांततेनंतर मला ते फार लागलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण त्या दहा लाखांत मी होतेच.

बाईंनी आम्हाला दोन तास मोकळं सोडलं. त्याआधी वेळ लिहिलेली एकेक चिठ्ठी हातात दिली : ३.४०. आणि एक सूचना दिली. ही माणसांची घरं आहेत, संग्रहालय नव्हे. दोरी बांधली असेल तिच्या आत जायचं नाही. दोरी नसली तरी विचार करायचा.

त्यांनी एक जुना फोटो दाखवला. २००१ साली इथल्या नागासे घराचं छप्पर पुन्हा शाकारलं त्या वेळचा. उतारावर बांबूच्या आडव्या ओळी, त्या प्रत्येक ओळीवर माणसं, शेकडो, वरपासून खालपर्यंत मुंग्या बसाव्यात तशी. एवढं मोठं छप्पर एका कुटुंबाला कधीच जमणार नाही. म्हणून सगळं गाव येतं. आज तुझ्या घराचं, पुढच्या वर्षी माझ्या. पैसे नाहीत. याला युइ म्हणतात. आणि कुणी किती माणसं पाठवली, किती जुड्या गवत दिलं, किती दोर दिला, हे घरोघरी वहीत लिहून ठेवत. तीस वर्षांनी त्यांच्या छपराची पाळी आली की वही उघडायची आणि तेवढं फेडायचं.

"म्हणजे सावडच की," आई म्हणाली.

मी बाईंना सांगितलं की आमच्याकडेही आहे, होतं. घाटावर इर्जिक म्हणतात, कुठे सावड म्हणतात. त्यांनी 'सा-वा-दो' असं म्हणून बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. पण वही? तशी वही आमच्याकडे कुणी ठेवली होती का? आई म्हणाली, "वही कशाला, सगळ्यांना माहीतच असायचं."

आम्ही वादा घर बघितलं. गावातलं सगळ्यांत मोठ्या घरांपैकी एक, गावप्रमुखाचं, सोऱ्याच्या व्यापारात सधन झालेलं, आणि घराच्या एका भागात आजही कुटुंब राहतं. खालच्या मजल्यावर पॉलिश केलेली फरशी, लाखेची भांडी. खरी गंमत शिडीसारख्या जिन्याने वर गेल्यावर. आईचे गुडघे हा एक स्वतंत्र विषय आहे, पण ती चढली. एकेक पायरी, देवाचं नाव घेत.

वर पोटमाळा, तिथे पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. छप्पर इथून आतल्या बाजूने दिसतं. खिळा एकही नाही. जाड वासे दोन्ही बाजूंनी येऊन आढ्याशी एकमेकांना भेटतात आणि सगळे सांधे बांधलेले आहेत. कुठे पेंढ्याच्या दोराने, कुठे नेसो नावाच्या झुडपाच्या कोवळ्या फांद्या पिळून. ओली असताना पिळायची, वाळली की आवळते. बर्फाच्या भाराने, वाऱ्याने घर थोडं हललं की गाठीही हलतात आणि परत बसतात. खिळा असता तर लाकूड फाटलं असतं. खालचे तुळईचे सोटही बघण्यासारखे, बुंध्याशी वाकलेले. डोंगर उतारावरचं झाड लहानपणी बर्फाने खाली दाबलं जातं आणि तसंच वाकडं वाढतं. ते वाकडेपण फेकून न देता त्याचाच आधार केलेला.

आई एका गाठीशी उभी राहिली ती राहिलीच. दोर काळाकुट्ट, धुराने चकाकणारा. तिने बोट लावलं नाही, हात मागे बांधून, मान तिरकी करून बघत होती. "तीन वेढे, मग मधून," ती पुटपुटली. "मग परत वरून. आबा असंच करायचे. सुंभ भिजवून घ्यायचे आधी." मागे लोक तुंबले होते. एका मुलीने हळूच 'एक्स्क्यूज मी' म्हटलं. आई सरकली, आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिली. खाली कापणी झालेली भातखाचरं, मध्ये मध्ये गवती छपरं, सगळ्या आढ्यांची दिशा एकच. वाऱ्याला अरुंद बाजू मिळावी आणि छपराच्या दोन्ही पाख्यांना सकाळ-संध्याकाळ ऊन मिळावं म्हणून.

जमिनीवर मात्र जागोजागी दुसरी एक गोष्ट दिसत होती. घरांच्या मधून छोट्या छोट्या लाकडी पेट्या, त्याही गवती घरांच्याच आकाराच्या. त्यांत पाण्याच्या तोफा आहेत. गावात अशा ५९. शरद ऋतूत एकदा सगळ्या एकदम सोडून बघतात. एका घराला आग लागली तर गाव जातं, हे उघड आहे. सिगारेट, फटाके बंद, आणि गावकरी पाळीपाळीने रोज गस्त घालतात. म्हणून चूलही आता बहुतेक घरांत पेटत नाही.

मी दुकानात पोस्टकार्डं घेत होते तेवढ्यात आई नाहीशी झाली.

पाच मिनिटं शोधलं. गर्दीत साडी दिसायला हवी होती, दिसली नाही. शेवटी मागच्या गल्लीत, एका घराच्या अंगणात सापडली. दोरी नव्हती तिथे, पण अंगण अंगणासारखंच होतं. ओसरीच्या वर सोललेल्या केशरी फळांच्या माळा वाळत टांगलेल्या. या फळाला काकी म्हणतात, यावर आमचे विनोद सकाळीच संपले होते. आई वळचणीखाली उभी राहून वर बघत होती आणि तिच्याशेजारी गमबूट घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे राहून तेही वरच बघत होते. दोघं बोलत होते. आई मराठीत, ते जपानीत.

मी धावत जाऊन माफी मागायला लागले. ते हाताने 'असू दे' करत होते. तेवढ्यात मागून पिवळी झेंडी आली. बाईंनी आधी त्या गृहस्थांपुढे कमरेत वाकून दोनदा क्षमा मागितली, मग आमच्याकडे बघितलं, आणि मग आईने विचारलेला प्रश्न त्यांना विचारला, कारण आईने विचारलाच : "गळतं का हो?"

गळत नाही, ते म्हणाले. पण कुजतं लवकर. धूर नाही ना. पूर्वी चूल दिवसभर जळायची, धूर वर जायचा, गवत आणि दोर कोरडे राहायचे, कीड लागायची नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळचं छप्पर चाळीस वर्षं टिकलं होतं. आताचं त्याच्या निम्मीही टिकत नाही.

आणि शाकारायला कोण येतं? मागच्या वेळी कारागिरांना काम दिलं होतं. सरकार बराचसा खर्च देतं. काम छान झालं, ते म्हणाले. मग थोडं थांबून काही तरी बोलले ते बाईंनी जरा उशिराने सांगितलं. त्या दिवशी जेवण कुणाला वाढायचं, असा त्यांच्या बायकोला प्रश्न पडला होता. कारागिरांनी डबे आणले होते.

बसला आम्ही सहा मिनिटं उशिरा पोचलो. जपानात सहा मिनिटं. वीस माणसं आपापल्या जागी बसून आमची वाट बघत होती. आई पहिल्या पायरीवर चढली, सगळ्या बसकडे तोंड केलं, "सॉरी, सॉरी," म्हणाली आणि हात जोडले. मागून कुणी तरी ओरडलं, "गाश्शो!" आणि सगळ्या बसने हात जोडले.

परतीच्या बोगद्यात बाई पुन्हा बोलल्या, पण आता माइक न घेता, आमच्या सीटजवळ उभ्या राहून. शोगावावर धरणं झाली, १९६१ साली मिबोरोचं मोठं धरण पूर्ण झालं, त्यात गावं बुडाली, माणसं शहरात गेली. गवती घरं झपाट्याने कमी व्हायला लागली. तेव्हा १९७१ साली ओगिमाचीच्या लोकांनी एकत्र येऊन आपापसांत तीन गोष्टी ठरवल्या. घर विकायचं नाही. भाड्याने द्यायचं नाही. पाडायचं नाही. वारसा यादी त्यानंतर चोवीस वर्षांनी आली. ते धरणाचं वर्ष ऐकून आई म्हणाली, "कोयनेचं काम चाललं होतं तेव्हाच." मग म्हणाली, "आमचा गोठा त्यानंतर किती तरी वर्षं होता. मग पत्रे घातले." बोगदा संपेपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो.

दिवस तिसरा : हिदाचं गाव आणि परत

सकाळी नदीकाठचा बाजार. लाल सलगमाचं लोणचं, सफरचंदं, आजीबाई. मंगळवार असल्यामुळे आईने बाजारातून जाताना एका भाजलेल्या माशाच्या दुकानाशी थांबून कालचा हिशेब पूर्ण केला.

गाडी दुपारची होती, म्हणून शहराबाहेरच्या हिदा-नो-सातो या खुल्या संग्रहालयात गेलो. प्रदेशातली तीसेक जुनी घरं उचलून आणून तळ्याकाठी मांडली आहेत. त्यातलं एक मिबोरो धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातून आणलेलं. इथे कुणी राहत नाही, पण रोज सकाळी माणसं येऊन घरांमधल्या चुली पेटवतात, गवत आणि दोर टिकावेत म्हणून. ओगिमाचीत माणसं आहेत आणि धूर नाही, इथे धूर आहे आणि माणसं नाहीत.

एका घरात आम्हीच होतो. जमिनीतली चौकोनी चूल, इरोरी म्हणतात तिला, वर आकड्याला टांगलेली काळी किटली, लाकडं मंद जळत होती. धूर सरळ वर जाऊन आढ्यात हरवत होता. आई बूट काढून चुलीच्या कडेला बसली. पदराने डोळे पुसले, धुराचेच असावेत. कोपऱ्यातल्या लाकडांतलं एक उचलून तिने चुलीत सारलं, मी "अगं, नको" म्हणेपर्यंत. तेवढ्यात चुली बघणारा माणूस आत आला. त्याने ते लाकूड बघितलं, चिमट्याने किंचित फिरवून जास्त बरोबर लावलं आणि गेला.

ती तिथून अर्धा तास हलली नाही.

परतीच्या गाडीत आईला अचानक मामाला फोन करायचा होता. गाडीत जागेवर बसून फोनवर बोलत नाहीत, डब्याच्या टोकाला दरवाज्यापाशी जावं लागतं. मी तिला तिथे नेऊन उभं केलं. खिडकीबाहेर हिरवी हिदा नदी, यावेळी आमच्याच दिशेने वाहणारी. आईच्या शालीला चुलीचा वास येत होता.

"अरे बाबू, ऐक. गोठ्याच्या शाकारणीला किती माणसं यायची आपल्याकडे?"

मामाचा आवाज मला ऐकू येत होता. तो ओरडूनच बोलतो. "किती म्हणजे? आठ-दहा."

"खोटं. जेवायला पंगत दोनदा बसायची. मी वाढलंय."

"मग वीस धर."

"धर कसं? नावं सांग. वरच्या आळीतून कोण कोण यायचं?"

मामा नावं सांगायला लागला, आई बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. मध्येच एका नावावर दोघांचं भांडण झालं. तो म्हणे ते पत्रे घातल्यावर आले, ती म्हणे नाही, त्यांनीच तर आढ्यावर चढून दोर ओढला होता. गेरो आलं तेव्हा बारा नावं झाली होती. तेराव्या नावाला बोगदा लागला आणि फोन तुटला.